तिसरा थर्मास

बसा इथे, शेगडीजवळ. दिवा जरा तुमच्या बाजूला सरकवते. ऑक्टोबर लागला की या हँगरची थंडी जमिनीतून निघते आणि पायांतून थेट दातांपर्यंत जाते. कॉफी घ्या. नाही, तो निळा कप नको. तो मांडणीवरच राहू दे. हा पांढरा घ्या, कान तुटलाय, पण गळत नाही.

आमच्या सावो प्रांताबद्दल सगळ्या फिनलंडात म्हणतात, सावोचा माणूस बोलला की जबाबदारी ऐकणाऱ्यावर. म्हणजे मी सांगते ते खरं की खोटं, हे तुमचं तुम्ही बघायचं. मी आपली सांगून मोकळी.

मी सिर्का. चौतीस वर्षं शाळेची बस चालवली. आणि गेली बावीस वर्षं या विमानाची कॉफी माझ्याकडे आहे. हसू नका. उडवणारे दोघं असतात, दुरुस्त करणारे दहाजण असतात, पण कॉफी नसेल तर त्यातला एकही शनिवारी घराबाहेर पाय काढत नाही. ही आमची हिल्मा. जुनं डकोटा, दोन पंख्यांचं, वयानं ऐंशीच्या पुढचं. भंगारात पडली होती. गावातल्या माणसांनी आपल्या सुट्ट्या घालून पत्रा पत्रा जोडला आणि तिला उभी केली. उन्हाळ्यात लोकांना बसवून तळ्यांवरून फिरवून आणतो. त्या फेरीत कॉफी आणि वेलदोड्याचा पाव देणं, दार लावणं, दार उघडणं हे माझं काम.

आणि चाकं म्हणजे तौनोचं काम. तौनो आमचा मुख्य मेकॅनिक. ठेंगणा, रुंद, निळा डगला, अंगाला कायम पाइनच्या डांबराचा वास. इंजिनाला कोणीही हात लावा, तो काही बोलायचा नाही. चाकांना मात्र दुसऱ्याचा हात लागलेला त्याला खपत नसे. जमिनीवर उभं असताना विमानाचे पाय दुमडू नयेत म्हणून दोन्ही पायांत एकेक लोखंडी पिन घातलेली असते, तिला लाल फडकं बांधलेलं. उड्डाणाआधी तौनो त्या दोन्ही पिना काढायचा, पुढे जाऊन उभा राहायचा आणि दोन्ही हात डोक्यावर धरायचा. कॉकपिटच्या खिडकीतून कॅप्टन मोठ्यानं मोजायचा, "दोन!" मग तौनो दाराशी येऊन पिना माझ्या हातात द्यायचा, मी त्या दारामागच्या आकड्याला अडकवायची. मोजल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही, हा त्याचा नियम.

दुसरी त्याची खोड म्हणजे कॉफीचा शेवटचा घोट. तो कधी प्यायचा नाही. डाव्या चाकावर ओतायचा.

"अरे, वाया कशाला घालवतोस?" मी पहिल्या वर्षी ओरडले होते.

"डावा पाय म्हातारा आहे," तो म्हणाला. "त्याला लागते."

"उजव्याला नको?"

"उजवा तरुण आहे. तरुणाला पाणी पुरतं."

असं बोलणं. बावीस वर्षं असंच. मी तीन थर्मास भरायची, दोन मोठे प्रवाशांचे आणि एक छोटा त्याचा. एकदा तो मला कॉकपिटमधली, सीटमागची तेलाची टाकी दाखवत होता. चाकं खाली-वर करतं ते तेल त्यात असतं. "ही कोरडी पडली तर पाय खाली येणार नाहीत," तो म्हणाला. "मग जे हाताला लागेल ते ओतायचं आणि हातपंप मारायचा. पाणी, दूध, काहीही. माझी कॉफी ओतलीस तरी चालेल, फक्त आधी मला विचार."

आमच्यात काय होतं विचाराल, तर काही नव्हतं. तो विधुर, मी एकटी. बोलायचं राहिलं. दोघांनाही वाटत होतं की पुढचा शनिवार आहेच.

मार्चमध्ये तौनो गेला. शेवटच्या वर्षात त्याचं डोकं ठिकाणावर राहत नसे. केव्हाही घरातून निघायचा, बर्फात चपला घालून तीन किलोमीटर चालत हँगरपाशी यायचा आणि चाकाखाली बसून राहायचा. मी त्याला गाडीत घालून घरी सोडायची. रुग्णालयात शेवटी त्यानं माझा हात धरला. त्याची नात इना नुकतीच हिल्माची को-पायलट झाली होती. तिचं नाव घेऊन म्हणाला, "पोरीला उडू दे. पण चाकांकडे तू बघ." मी हो म्हटलं. मला चाकातलं काय कळतंय? पण मरणाऱ्याला कोण नाही म्हणणार!

दफनाच्या दिवशी जो तो एकच विनोद करत होता. हा माणूस मेला तरी शनिवारी कामावर येणार. लोक हसत होते. मला हसू आलं नाही, कारण मला ते खरंच वाटत होतं.

माझ्या आजीच्या गावी एक रीत होती. चर्चहून घराकडे येणाऱ्या वाटेवर एक पाइनचं झाड निवडायचं, खालच्या फांद्या छाटायच्या आणि खोडावर मेलेल्याचं नाव आणि जन्ममरणाची सालं कोरलेली फळी ठोकायची. कार्सिक्को म्हणतात त्याला. मेलेला माणूस कबरीतून उठून घरी यायला निघाला, तर वाटेत आपलं नाव वाचतो, आपण मेलोय हे त्याला कळतं आणि तो मुकाट मागे फिरतो. आता कोणी करत नाही. मी केलं. इनानं फळी कोरली, मी ठोकली, इथून अर्ध्या किलोमीटरवर, रस्त्याच्या वळणावर. खिळा तौनोच्याच पेटीतला घेतला. लोहारानं हातानं घडवलेला, चौकोनी, वीतभर लांब, डोकं एका बाजूला चेपलेलं. त्याच्या बापाचा होता म्हणे. एकच खिळा पुरला.

सगळ्यांना सांगितलं, आयुष्यभर राबला, आता तरी निजू दे. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. मला भीती वाटत होती. तो येईल याची नव्हे. तो आला, मी त्याला कप भरून दिला आणि मग मला घरी जावंसंच वाटलं नाही, तर? म्हणून मी त्याची वाट बंद केली. हे मी आजवर कोणाला बोलले नव्हते.

आता जूनकडे येते. युहान्नुसचा, म्हणजे आमच्या भर उन्हाळ्यातल्या सणाचा, आदला दिवस. त्या दिवसांत आमच्याकडे अंधार नावाला नसतो. सूर्य रात्री कडेला टेकतो आणि परत वर येतो, माणसं झोप विसरून पेंगुळलेली हिंडतात. गाव धावपट्टीच्या कडेला जमलेलं, तळ्याकाठी होळीची लाकडं रचलेली. हिल्माच्या दारालाही आम्ही बर्चच्या दोन डहाळ्या बांधल्या होत्या. त्या निघताना सोडल्या. संध्याकाळचे पाच वाजले होते. अठरा प्रवासी.

सकाळी मी थर्मास भरले. दोन मोठे भरून झाले आणि बघते तर छोटाही भरून झालेला. मार्चपासून दर वेळी हेच. डोक्याला कळलंय, हाताला अजून कळलेलं नाही. भरलाच आहे तर राहू दे म्हणून टोपलीत टाकला.

तौनोच्या जागी मार्को आला होता. हेलसिंकीचा, कामाला चोख, पण बोलणं यंत्रासारखं. त्यानं पिना काढल्या, दोन्ही हात वर धरले. कॅप्टन इल्पो खिडकीतून ओरडला, "दोन!" मार्कोनं त्या माझ्याकडे दिल्या, मी आकड्याला अडकवल्या. हे लक्षात ठेवा. दोन्ही, माझ्या हातानं.

वर गेल्यावर सगळं स्वप्नातल्यासारखं होतं. खाली तळ्यांमागून तळी, मधे काळी जंगलं, पाण्यावर पातळ धुकं आणि त्यावर आमची सावली, हळूहळू सरकणारी. इंजिनांचा तो घुमणारा आवाज ऐकत राहिलं की माणूस आपोआप गप्प होतो. अठराच्या अठरा माणसं खिडकीला कपाळ टेकून बसली होती. कॉफी कोणी मागेना. मी थर्मास न उघडताच परत ठेवले. एक बाई डोळे उघडे ठेवून झोपल्यासारखी हसत होती. मलाही वाटलं, हे असंच चालू राहावं, उतरूच नये.

असं मनात आणू नये माणसानं.

परतताना चाकं खाली सोडल्याचा आवाज आला. रोज दोन धपके येतात, एकामागून एक. त्या दिवशी एकही आला नाही. नुसती घरघर झाली आणि थांबली. मग इनानं कॉकपिटचं दार किलकिलं करून मला बोटानं बोलावलं.

कॉकपिटमध्ये गेले. चाकांचा दिवा लाल होता. दोन्ही पाय नीट खाली येऊन अडकले तरच तो हिरवा होतो. इल्पो समोर बघत होता. अडुसष्ट वर्षांचा माणूस, चाळीस वर्षं विमानं चालवलेली, पण मानेवरून घाम ओघळत होता.

"सिर्का, डावीकडच्या पहिल्या खिडकीतून बघ," तो म्हणाला. "सांग काय दिसतंय. आणि चेहरा नीट ठेव, लोक बघतात."

मी बघून आले. "इंजिनाखालून लाल ओघळ आहे. मागेपर्यंत गेलाय."

"तेल," इना म्हणाली. तिनं सीटमागच्या टाकीच्या काचनळीकडे पाहिलं. "रिकामी... थेंब नाही."

"पाय अर्धवट सुटलेत," इल्पो म्हणाला. "ना आत, ना बाहेर. तेलाशिवाय वरही ओढता येत नाहीत. असं टेकलो तर एक पाय आधी मोडणार, पंख घासणार, आणि पंखात पेट्रोल आहे." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "आणि धावपट्टीच्या कडेला गाव उभं आहे."

मला इनाचा कानच दिसत होता, लालबुंद झालेला. एकोणतीस वर्षांची पोर. चाकांकडे तू बघ, असं तो म्हणाला होता. मी काय बघत होते? बर्चच्या डहाळ्या!

"कॉफी," मी म्हणाले.

"आत्ता?" इल्पो भडकला. "तुला कॉफी सुचतेय?"

"टाकीत ओतायला. तौनो म्हणायचा."

इल्पोनं माझ्याकडे पाहिलं. मग एवढंच म्हणाला, "आण."

मी टोपली आणली. पहिला मोठा थर्मास ओतला. टाकीतून वाफ वर आली आणि कॉकपिटभर कॉफीचा वास पसरला. इनानं खुर्चीशेजारचा हातपंप मारायला घेतला, एक, दोन, एक, दोन. दांडा जड होता, तिचे खांदे थरथरत होते. दुसरा थर्मास ओतला. मग पंप मी घेतला. बसचं स्टिअरिंग चौतीस वर्षं फिरवलंय, हातात जोर आहे माझ्या. खालून एक धपका आला.

"उजवा," इना म्हणाली. "उजवा अडकला... सरळ आहे."

दिवा लालच होता.

मी परत त्या पहिल्या खिडकीपाशी गेले. डावं चाक खाली आलं होतं, पण लटपटत होतं. इंजिनाच्या चंदेरी पत्र्यावर लाल ओघळाशेजारी आता तपकिरी ओघळ दिसत होता. आम्ही वरून ओतत होतो आणि ते खालून गळत होतं. कॉफी वाऱ्यानं मागे उडून थेट त्या चाकावर पडत होती. शेजारच्या म्हाताऱ्यानं हळूच विचारलं, "ताई, काही बिघडलंय का?" मी म्हटलं, "बिघडलंय, पण माणसं कामाला लागलीयेत. पट्टा आवळून घ्या." खोटं बोलायला जमत नाही मला.

"एक इंच राहिलाय," मी आत येऊन सांगितलं. "खाली आलाय, पण हलतोय. अडकला नाहीये."

"आणखी काय आहे?" इल्पोनं विचारलं.

टोपलीत छोटा थर्मास होता.

का कोण जाणे, माझा हात थांबला. *फक्त आधी मला विचार.* बावीस वर्षांत त्याच्या थर्मासमधली कॉफी मी दुसऱ्या कोणाला दिली नव्हती. झाकण उघडलं. सकाळपासून भरलेला, पण अशी वाफ निघाली की जणू आत्ताच चुलीवरून उतरवला.

"तौनो," मी म्हणाले. मोठ्यानंच म्हणाले, दोघांनी ऐकलं. "ओतते हं. तुझी आहे. मी वाट बंद केली ती माझी चूक झाली... पोरगी इथे आहे."

इनानं मान वळवली नाही. ती पंप मारत राहिली. मी शेवटच्या थेंबापर्यंत ओतली.

मग वास आला. कॉफीचा नव्हे. पाइनच्या डांबराचा. बंद कॉकपिटमध्ये, पाचशे मीटर वर.

आणि आवाज आला. डावीकडून, खालून, पंखाच्या बुडाशी. टक टक... टक. दोन झटपट, एक सावकाश. हातोडी मारायची तौनोची तीच पद्धत होती. दोन ठोके मारायचा, बघायचा, मग तिसरा. ठोक्यांनी माझ्या पायाखालची फळी हलली.

इनाचा हात पंपावरच राहिला. "मावशी..." ती म्हणाली, अगदी बारीक आवाजात. "आजोबा असेच..."

"गप," मी म्हणाले. "पंप मार."

मी धावत खिडकीशी गेले. चाक हलत नव्हतं. वारा तोच, ओघळ तेच, आणि चाक मात्र हातानं धरल्यासारखं स्थिर. मी खूप वेळ बघितलं. दुसरं काही दिसलं नाही. दिसावं म्हणून मी डोळे फाडून बघत होते, हेही सांगून टाकते.

परत आले तेव्हा दिवा लालच होता.

"उजव्यावर टेकवतो," इल्पो स्वतःशीच बोलत होता. "डावा पंख जमेल तितका उचलून धरतो. वेग संपला की पडेल, तेव्हा बघू..."

"दोन्हींवर टेकव," मी म्हणाले.

"दिवा लाल आहे, सिर्का."

"असू दे. डावा पक्का आहे."

"कोणी सांगितलं?"

"तू ऐकलं नाहीस?"

इल्पोनं ऐकलं होतं. ओठ घट्ट मिटले होते त्याचे. एका चाकावर तिरकं उतरायचं, तर शेवटी विमान डावीकडे गर्रकन फिरणार होतं, आणि डावीकडेच गाव होतं. आणि दोन्हींवर टेकून डावा मोडला, तर वेगातच सगळं संपणार होतं.

"सावोची माणसं!" तो पुटपुटला. "बोलतात, आणि जबाबदारी माझ्या गळ्यात." मग नाक ओढून म्हणाला, "जा, पट्टा बांध. इना, दोन्हींवर."

मी माझ्या जागेवर, दारापाशी बसले. डोळे मिटले नाहीत. आकड्याला त्या दोन पिना लोंबत होत्या, लाल फडकी हलत होती. बाहेर लख्ख उजेड. भुताला अंधार लागतो असं कोणी सांगितलं तुम्हाला? मी त्या फडक्यांकडे बघत तौनोला म्हणत होते, धर. एवढंच. धर, धर, धर.

टेकलो. दोन्ही चाकं एकदम. एवढं अलगद, की मांडीवरचे रिकामे थर्मासही वाजले नाहीत. हिल्मा सरळ धावत गेली, हळू झाली आणि धावपट्टीच्या मधोमध उभी राहिली. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. मी पट्टा सोडायला घेतला.

"कोणी हलू नका!" इल्पो आतून ओरडला. "सिर्का, पिना! आधी पिना घाला, मग माणसं उतरवा!"

दिवा अजून लालच होता. पाय केव्हाही बसला असता. मी आकड्यावरून पिना काढल्या. दोन्ही. दार उघडून खाली उडी टाकली, या वयात, आणि धावत आलेल्या मार्कोच्या हातात दिल्या. त्यानं उजवीकडे एक घातली. मग डाव्या पायाखाली वाकला.

वाकला तो तसाच राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"इथे... पिनच्या भोकात आधीच काहीतरी आहे."

मी वाकले. चाक कॉफीनं भिजलेलं, थेंब पडत होते. पिनच्या भोकात एक खिळा आरपार ठोकलेला होता. हातानं घडवलेला, चौकोनी, वीतभर लांब. डोकं एका बाजूला चेपलेलं.

"निघताना हे भोक मोकळं होतं," मार्को म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मीच पिन काढली. हा असता तर पाय वर दुमडलाच नसता. सिर्काबाई, उडत्या विमानाच्या पायाशी कोण..."

"तुझी पिन घाल आणि तो मला दे," मी म्हणाले.

खालून जॅक लावून त्यानं खिळा काढला. पुढे तपासणीला लोक आले, त्यांना तेलाची फुटलेली नळी सापडली, कागदावर तेवढंच चढलं. खिळ्याचं मार्कोनं कोणाला सांगितलं नाही. हेलसिंकीचा असला तरी शहाणा आहे.

लोक होळी पेटवायला गेले तेव्हा मी एकटी चालत त्या वळणावर गेले. पाइनच्या खोडावर चौकोनी भोक होतं, कडेनं ताजा डीक पाझरत होता. फळी खाली पडली होती, उपडी. अक्षरं मातीत, कोरी पाठ वर. मी तिथेच शेवाळावर बसले आणि रडले. कबरीशीही रडले नव्हते इतकी. मी त्याला अडवण्यासाठी ठोकलेला खिळा उपसून तो पोरीपर्यंत आला होता. आणि मी म्हणे त्याला निजवणार होते!

रडणं संपल्यावर मग दुसरी गोष्ट डोक्यात आली. घाईत त्यानं आधी खिळाच उपसला असणार, आणि फळी पडली ती उपडी. म्हणजे तौनोनं आपलं नाव वाचलेलंच नाही.

त्याला माहीतच नाही, की तो मेलाय.

मी फळी उलटी केली नाही. तशीच उचलून ब्लूबेरीच्या झुडपाखाली सारली. दुसऱ्या दिवशी इना ते रिकामं झाड बघून माझ्याकडे आली, डोळे सुजलेले. "मावशी, फळी परत लावू या. आजोबांना सुटू दे. खिळा कुठंय?" मी म्हटलं, "हरवला." तो माझ्या एप्रनच्या खिशात होता. आयुष्यात मला एवढं एकच खोटं नीट जमलं.

दुरुस्तीनंतर हिल्मा ऑगस्टमध्ये पुन्हा उडाली. मार्कोनं पिना काढल्या. पुढे जाऊन उभा राहिला, एका हातात एक, दुसऱ्या हातात एक, दोन्ही डोक्यावर. मी दारातून बघत होते.

"तीन!" इल्पो खिडकीतून ओरडला.

मार्कोनं आपल्या हातांकडे पाहिलं. इल्पो मार्कोकडे बघतच नव्हता. तो त्याच्या डावीकडे, डांबरी धावपट्टीच्या मोकळ्या जागेकडे बघत होता, आणि त्यानं मान हलवली, रोज हलवायचा तशी. इनानंही तिकडेच पाहिलं. इंजिनं सुरू झाली. मार्कोनं माझ्या हातात पिना दिल्या, त्या दोनच होत्या. मी एप्रनच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. आतलं कापड ओलं होतं आणि त्याला कॉफीचा वास येत होता.

तेव्हापासून असंच चाललंय. उड्डाणाच्या दिवशी खिसा रिकामा, परतलो की खिळा मांडणीवरच्या, तौनोच्या त्या निळ्या कपात. म्हणून म्हटलं, तो कप नको.

इनानं नवी फळी कोरलीय. ती बघा, दाराशी टेकवून ठेवलीय. बर्फ पडायच्या आत लावायची म्हणते. आजोबांना कोणीतरी सांगायला हवं, मावशी, किती दिवस असं ताटकळत ठेवणार? बरोबर आहे तिचं. पण ती फळी लावायला खिळा तोच हवा, असं तिनं मनात धरलंय. आज सकाळी पुन्हा आली होती, खिळा सापडला का म्हणून विचारायला.

मी कप उचलून बघितला. रिकामा. आज तर उड्डाणही नाही. हिल्मा ही तुमच्या मागे उभी आहे, दोन्ही पिना घातलेली, थंडगार.

हळू... ऐका जरा. डाव्या चाकाकडे.

दोन झटपट. आता तिसरा येईल.